वीट नव्हे, चौकट

पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकपासून बांधकाम साहित्य बनवण्याचा विषय निघाला की बोलणे हमखास कचऱ्यापासून सुरू होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षात देशात सुमारे ४१.२६ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. त्याआधीच्या वर्षाचा आकडा ३४.७ लाख टनांच्या आसपास होता. (एका वर्षात, तेही टाळेबंदीच्या, एवढी उडी दिसते तेव्हा कचरा किती वाढला आणि मोजणी किती सुधारली हे वेगळे काढता येत नाही, पण तो वाद निराळा.) या आकड्याशेजारी घरांच्या टंचाईचा आकडा मांडला की गणित जमल्यासारखे वाटते. इकडे डोंगर, तिकडे खड्डा; डोंगर खड्ड्यात लोटला की काम झाले. बरेचसे प्रकल्प अहवाल याच गणितावर उभे असतात, आणि ते गणित चुकीचे आहे असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. कच्च्या मालाचा ढीग केवढा आहे यावरून बाजार किती मोठा हे ठरत नाही. ज्या जागी आजचे साहित्य सडते, गंजते, वाळवीच्या तोंडी जाते आणि ते बदलण्यासाठी लोक आधीपासूनच खिशात हात घालत आहेत, त्या जागांची बेरीज म्हणजे हा बाजार. ती बेरीज लहान नाही. पण तिच्यात भिंतीची वीट येत नाही, आणि सगळी हौस मात्र विटेभोवतीच फिरते आहे.

संमिश्र साहित्य म्हणजे काय ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाचा भुसा, भाताचे तूस, उसाचे चिपाड, राख, दगडाची भुकटी किंवा वाळू मिसळून, साच्यातून दाबून किंवा यंत्राच्या तोंडातून पट्टीसारखे ओढून जे तयार होते ते. प्लास्टिक पाण्याला अडवते आणि मिश्रण बांधून ठेवते, भर घातलेला पदार्थ ताठपणा देतो आणि खर्च उतरवतो. पुढच्या प्रकरणांत यंत्रे, साचे आणि मिश्रणाची प्रमाणे येतीलच. त्याआधी विक्रीचा प्रश्न सोडवलेला बरा, कारण या धंद्यात साचे आधी विकत घेतले जातात आणि गिऱ्हाईक नंतर शोधले जाते.

बांधकाम साहित्याचा भाव किलोवर आणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. वीट नगावर विकली जाते, काँक्रीट घनमीटरवर, लाकूड घनफुटावर, प्लायवूड चौरस फुटावर. सगळे एकदा एकाच काट्यावर ठेवून पाहावे. तीन किलोच्या आसपासची भाजलेली वीट आठ-दहा रुपयांना मिळते, म्हणजे किलोला तीन रुपये. काँक्रीट त्याहूनही थोडे स्वस्त पडते. लोखंडी सळई साधारण साठ रुपये किलो. जलरोधक प्लायवूडचा पाऊण इंची तुकडा चौरस फुटाला जेमतेम किलोभर भरतो आणि त्याचे शंभराच्या आगेमागे पैसे पडतात. सागवान घनफुटाला तीन ते पाच हजार रुपये आणि एका घनफुटाचे वजन अठरा किलोच्या आसपास, म्हणजे किलोला दीडशेच्या वरच. भाव गावागणिक आणि हंगामागणिक हलतात, पण हे अंतर हलत नाही. आता या काट्यावर वेचलेले, निवडलेले, धुतलेले आणि दाणे पाडलेले प्लास्टिक ठेवा: रंग आणि जातीप्रमाणे किलोला चाळीस ते नव्वद रुपये. ज्याचा कच्चा मालच चाळीस रुपयांपासून सुरू होतो त्याने तीन रुपयांच्या विटेशी झुंज घ्यायची आणि दीडशे रुपयांच्या सागवानाकडे पाठ फिरवायची, याला व्यवहार म्हणत नाहीत.

यावर दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी की इमारतीत वजन नव्हे, आकारमान लागते. प्लास्टिक विटेच्या निम्म्या वजनाचे असते आणि पोकळ साच्यातून काढले तर आणखी हलके. हे मान्य केले तरी पंधरा-वीस पटींचा फरक चार-पाच पटींवर येतो, मिटत नाही. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. निवडलेले प्लास्टिक महाग असेलही, पण वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, मळकी कॅरीबॅग यांना भंगारवाला हातही लावत नाही. ते फुकट मिळेल, त्यात सत्तर टक्के वाळू घातली की वीट स्वस्तच पडेल. मुद्दा बरोबर, पण फुकट मिळणारे प्लास्टिक कारखान्यापर्यंत फुकट येत नाही. ते हलके आणि फुगीर असते, त्यामुळे ट्रक वजनाआधी जागेने भरतो. ओले असते, आणि यंत्रात ओलावा गेला की वाफ होऊन मालात बुडबुडे धरतात. ते धुवायला पाणी लागते, वाळवायला वीज, आणि धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट लावायला पुन्हा खर्च. शिवाय हे पाकीट मागणारा दुसरा ताकदवान दावेदार आधीच हजर आहे, तो म्हणजे सिमेंटची भट्टी. तिला ते धुऊन लागत नाही, निवडून लागत नाही. जळल्यावर कोळशाहून जास्त उष्णता मिळाली की झाले. वाळूमिश्रित विटेला किंवा फरशीला या भट्टीशी कच्च्या मालासाठी आणि काँक्रीटशी गिऱ्हाइकासाठी, अशा दोन आघाड्यांवर लढावे लागते.

बरे, भावाचा प्रश्न सुटला असे धरून चालू. मग भाराचा प्रश्न उरतो. प्लास्टिकला वजन सहन होते, पण सततचे वजन सहन होत नाही. ते महिनोन्महिने कणाकणाने वाकत जाते, आणि उन्हाळ्यात अधिक. पॉलिथिलीनचा ताठपणा सागवानाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. भुसा घातला की तो वाढतो, तरी लाकडाला गाठत नाही. प्रसरणाचेही तसेच: नुसत्या पॉलिथिलीनची तीन मीटरची पट्टी तापमान चाळीस अंशांनी वाढले तर दीड सेंटिमीटरहून अधिक लांबते. भुसा तेही आवरतो, पण विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी फट न सोडता ठोकलेली पट्टी कमान धरते ती याचमुळे. इथे कोणीतरी उत्तर कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग लष्करी तळावरच्या पुलाचे उदाहरण देतोच. २००९ मध्ये पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या त्या पुलावरून सुमारे सत्तर टनांचा रणगाडा नेण्यात आला. उदाहरण खरे आहे आणि महत्त्वाचेही. पण रणगाडा येतो आणि निघून जातो. घराच्या छताचे वजन रात्रंदिवस तिथेच असते. त्यातही त्या पुलाची तुलना विटेशी नव्हती, गंजणाऱ्या पोलादाशी आणि कुजणाऱ्या लाकडाशी होती. ते उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे व्यापारी यश अमेरिकेतले आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथल्या घरांना मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचा ओटा असतो, त्याला ते डेक म्हणतात. ट्रेक्स ही कंपनी १९९६ मध्ये मोबिल या तेल कंपनीच्या एका विभागातून वेगळी झाली आणि दुकानांतल्या पिशव्या, माल गुंडाळायचा पातळ प्लास्टिक कागद आणि लाकडाचा भुसा यांपासून डेकच्या फळ्या विकू लागली. गिऱ्हाइकांनी त्या पर्यावरणाच्या प्रेमापोटी घेतल्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लाकडी डेकला दर एक-दोन वर्षांनी घासून तेल किंवा रंग द्यावा लागतो, तिथे मजुरी महाग, आणि घरमालकाचा शनिवार-रविवार त्यात जातो. शिवाय कुजू नये म्हणून त्या लाकडात आर्सेनिक असलेले रसायन भरलेले असे. घरगुती वापरासाठी ते वापरणे २००३ च्या अखेरीस उद्योगाने थांबवले आणि संमिश्र फळ्यांसाठी दार उघडले. तरीही वाट सोपी नव्हती. सुरुवातीच्या फळ्यांत भुसा पृष्ठभागावर उघडा राहायचा. तो पाणी प्यायचा, बुरशीचे डाग पडायचे, रंग विटायचा. ग्राहक कोर्टात गेले. साधारण २००९-१० पासून फळीवर प्लास्टिकचे अखंड कवच चढवण्याचे तंत्र आले, त्यासोबत पंचवीस वर्षांची हमी देणे शक्य झाले, आणि मग हा बाजार खऱ्या अर्थाने स्थिरावला. यातली एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही: वरच्या फळ्या संमिश्र असल्या तरी त्यांना तोलून धरणारा खालचा सांगाडा आजही बहुतेक ठिकाणी लाकडाचाच असतो. एवढ्या यशानंतरही या मालाने भार वाहायचे काम अंगावर घेतलेले नाही.

हे यश जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, त्यामुळे ‘रंग द्यावा लागत नाही’ एवढ्यावर कोणी दुप्पट पैसे देत नाही. आपल्याकडचे कारण वेगळे आहे: पाणी आणि वाळवी. कुठल्याही जुन्या बिल्डिंगमधल्या न्हाणीघराची चौकट पाहावी. वरचे पाच फूट लाकूड ठणठणीत असते. खालची चार-सहा बोटे, जिथे रोजचे पाणी मुरते, ती काळी पडून भुसभुशीत झालेली असतात. नखाने टोकरली तरी निघतात. दाराचा खालचा काठ फुगून फरशीला घासतो, बिजागरीचे स्क्रू सैल होतात. कोकणात यात वाळवीची भर पडते. एवढ्यासाठी सबंध चौकट काढायची, भिंत फोडायची, फरशा बदलायच्या, हा खर्च लाकडाच्या किमतीपेक्षा मोठा असतो आणि घरमालक तो मुकाट्याने करतो. आधीपासून खिशात जाणारा हात तो हाच. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची कपाटे, मोरीची दारे, गॅलरीच्या कडा, बागेतले बाक, बंधाऱ्यांची लाकडी दारे, गोठ्याची जाळी, झाकणे: यादी लांब आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक जागी ओल हा समान धागा आहे.

‘डब्ल्यूपीसी’ (लाकूड-प्लास्टिक संमिश्र) या नावाने सुतारांच्या तोंडी रुळलेला माल या जागेत शिरलाही आहे. पण त्याच्याकडे बोट दाखवून ‘बाजार सिद्ध झाला’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक चौकटी आणि बोर्ड हे फेसाळ पीव्हीसीचे असतात. त्यात नवे रेझिन आणि चुनखडीची भुकटी मुख्य, भुसा नावापुरता, आणि पुनर्प्रक्रिया केलेला माल किती ते विक्रेत्यालाही ठाऊक नसते. म्हणजे मागणी सिद्ध झाली आहे, पण ती कचऱ्यातल्या प्लास्टिकसाठी नव्हे. जुने पीव्हीसी त्यात वापरावे तर आणखी अडचण: पूर्वीच्या पाइपांत स्थिरक म्हणून शिसे वापरले जाई, ते बंद करण्याचे नियम २०२१ मध्ये आले. शिसे असलेल्या पीव्हीसीची चौकट बनवली तर ती करवतीने कापणाऱ्या सुताराच्या नाकात काय जाते, हे विचारायला हवे. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घरगुती कचरा भुशाशी मिसळून केलेली चौकट हा त्याला पर्याय होऊ शकतो. पण सुतार पहिला प्रश्न विचारतो तो स्क्रूचा. ‘स्क्रू धरत नाही’ एवढे तीन शब्द एखाद्या सुताराने म्हटले की त्या तालुक्यात तो माल संपला. म्हणून बिजागरीच्या जागी भरीव गाभा, लांब स्क्रू आणि आधी पाडलेले भोक या गोष्टी माहितीपत्रकातल्या हिरव्या पानांपेक्षा विक्रीला जास्त उपयोगी पडतील.

कच्च्या मालाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण ढीग मोठा असला तरी चौकटीच्या लायकीचा माल त्यात थोडा आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या कामातल्या बाया हाताने चुरगाळून, आवाज ऐकून प्लास्टिकची जात ओळखतात. दुधाची पिशवी वेगळी, बरणीचे कडक प्लास्टिक वेगळे, बाटली वेगळी. हे कौशल्य चैनीचे नाही. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वितळूनही एकमेकांत नीट मिसळत नाहीत. बाटलीचे पीईटी अडीचशे अंशांच्या आसपास वितळते आणि तोवर भुसा करपून जातो, कारण लाकूड दोनशेच्या पुढे टिकत नाही. म्हणजे चौकटीचा दर्जा कारखान्यात ठरण्याआधी वर्गीकरणाच्या शेडमध्ये ठरतो, आणि ‘कुठलेही प्लास्टिक चालते’ म्हणणाऱ्या यंत्रविक्रेत्यापासून चार हात दूर राहावे. त्यात आता नियमही चांगला माल दुसरीकडे ओढत आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या उत्पादक जबाबदारीच्या नियमांप्रमाणे कडक पॅकेजिंगमध्ये पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचा वाटा २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के करायचा आहे. पातळ, लवचिक पॅकेजिंगसाठी मात्र हा वाटा १० वरून २० टक्क्यांपर्यंतच जातो. याचा सरळ अर्थ असा की बरण्या आणि डबे महाग होतील, पिशव्या आणि फिल्म मागे उरतील. चौकट बनवणाऱ्याने आपले मिश्रण आजच फिल्मवर बेतावे. स्वस्त बरणीवर भिस्त ठेवली तर दोन-तीन वर्षांत भट्टी थंड पडेल. करांनीही या धंद्याला हात दिलेला नाही. प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ पासून ५ वरून १८ टक्के झाला, आणि बिल न देणाऱ्या छोट्या भंगारवाल्याकडून माल घेणाऱ्या, पण स्वतः बिल देणाऱ्या कारखान्याला तो बोजा पुरता सोसावा लागतो.

मग बाजार वाढतो तरी कसा? आपल्याच देशात याचे उत्तर सापडते, आणि ते औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेत आहे. १९९६-९७ मध्ये देशातल्या राखेपैकी १० टक्क्यांहून कमी राख उपयोगात येत होती. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ९२ टक्क्यांच्या घरात गेले. चंद्रपूर, कोराडी, परळीची राख तलावांत साठत होती तेव्हा कोणी तिला बांधकाम साहित्य म्हटले नसते. फरक पडला तो प्रबोधनाने नव्हे. भारतीय मानकाने पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राखेला जागा दिली, आणि १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्राभोवतालच्या पन्नास किलोमीटरच्या परिघात राखेचा वापर सक्तीचा केला; तो परिघ पुढे वाढत तीनशेपर्यंत गेला. सिमेंटची गोणी घेणाऱ्याला आपण राख घेतोय याचा पत्ताही नव्हता. रस्त्यांचेही तसेच. मदुराईच्या त्यागराजर महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी डांबरी रस्त्यात प्लास्टिक मिसळण्याची पद्धत काढली, पण ती देशभर मानली गेली ती इंडियन रोड्स काँग्रेसची २०१३ ची मार्गदर्शिका आल्यावर. चौकटीला, झाकणाला, बाकाला अशी मान्यता अजून मिळायची आहे. नगरपालिकेच्या शाखा अभियंत्याला उद्यानात संमिश्र फळ्यांचे बाक बसवायचे मनात असले तरी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ती बाब नसेल तर अंदाजपत्रकात ती लिहायची कशी? स्वतंत्र दरपृथक्करण करा, कोटेशने मागवा, वरच्या कार्यालयाची मंजुरी घ्या आणि पुढे लेखापरीक्षणात उत्तरे द्या. त्यापेक्षा तो नेहमीचा सिमेंटचा बाक लिहितो, आणि त्याचे चुकते असे म्हणता येत नाही. दरसूचीतली एक ओळ आणि तिच्यामागे वाक, पाणीशोषण, स्क्रूची पकड आणि आग यांच्या चाचण्या सांगणारे मानक, यांनी जेवढी विक्री होईल तेवढी शंभर प्रदर्शनांनी होणार नाही.

आगीचा उल्लेख ओघात येऊन जाऊ नये, म्हणून थोडे थांबतो. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे मेली. इमारतीला बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधला गाभा पॉलिथिलीनचा होता आणि त्यानेच आग मजल्यामागून मजले चढली. पॉलिथिलीन पेटले की जळते थेंब खाली ठिबकतात. म्हणून उंच इमारतीचे बाह्य आवरण, जिन्याचा मार्ग, सिलिंग इथे या मालाने पाऊल ठेवू नये, भले तिथला भाव कितीही आकर्षक असो. छताच्या पत्र्यांनाही हीच कसोटी लावावी. शीतपेयांच्या खोक्यांत सुमारे तीन चतुर्थांश कागद असतो. तो काढून घेतल्यावर उरलेल्या पॉलिथिलीन आणि ॲल्युमिनियमचे पत्रे दाबून बनवतात. ते सिमेंटच्या पत्र्यापेक्षा हलके असतात, फुटत नाहीत आणि पावसात कमी वाजतात. शेतावरच्या शेडला, गोठ्याला, सायकलींच्या आडोशाला ते चांगले. माणसे झोपतात त्या चाळवजा वस्तीच्या छताला घालायचे तर आधी आगीची चाचणी दाखवावी.

पण जगात प्लास्टिकच्या विटांच्या शाळा उभ्या राहिल्याच ना, असे विचारले जाईल. राहिल्या. कोलंबियातल्या कॉन्सेप्तोस प्लास्तिकोस या कंपनीसोबत युनिसेफने २०१९ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्लास्टिकच्या विटांच्या ५०० वर्गखोल्या बांधण्याचे जाहीर केले. एकमेकांत अडकणाऱ्या हलक्या विटा, सिमेंट नको, गवंडी नको, खोली झटपट उभी. जिथे शाळेच्या खोल्यांची टंचाई आहे आणि कचरा वेचणाऱ्या बायांना रोजगार द्यायचा आहे तिथे हे काम मोलाचे आहे. मात्र तिथे विटेचा खरेदीदार मदतसंस्था आहे. तिने वेळ आणि रोजगार यांची किंमत मोजली, विटेची नव्हे. अशा जागा आपल्याकडेही आहेत, भूकंप किंवा पुरानंतरचे तात्पुरते निवारे ही त्यातली एक. त्या मदतीच्या जागा म्हणून मोजाव्यात; त्यांच्यावरून लातूरच्या किंवा साताऱ्याच्या घरबांधणीच्या बाजाराचा अंदाज काढू नये.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप. भुसा आणि प्लास्टिक एकजीव केले की ते पुन्हा वेगळे होत नाही. म्हणजे आपण कचरा वीस वर्षे पुढे ढकलतो एवढेच. या आक्षेपाला पुरते उत्तर नाही, पण अर्धे आहे. एकाच कारखान्याची, एकाच जातीच्या प्लास्टिकची चौकट दळून पुन्हा त्याच यंत्रात घालता येते. कारखान्यातले कापलेले तुकडे रोज तसेच घातले जातात. अडतो तो ओळखीचा प्रश्न. वीस वर्षांनी बिल्डिंग पाडताना पीव्हीसीची चौकट आणि पॉलिथिलीनची चौकट रंगाखाली सारखीच दिसेल, आणि दोन्ही एका यंत्रात गेल्या तर पीव्हीसीतून निघणारे आम्ल माल आणि यंत्र दोन्ही खाईल. त्यामुळे प्रत्येक चौकटीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात, भर घातलेला पदार्थ आणि वर्ष यंत्रातून बाहेर पडतानाच कोरले जावे, ही अट मानकात पहिल्या दिवसापासून हवी. उन्हात राहणाऱ्या मालात दोन-अडीच टक्के काजळी असावी, म्हणजे पृष्ठभाग तडकून त्याचे कण मातीत जाणार नाहीत. काळा बाक कोणाला आवडत नसेल तर त्यावर कवच चढवण्याचा खर्च धरावा. आणि रोज पायांखाली, चाकांखाली घासल्या जाणाऱ्या फरशा या यादीतून तूर्त वगळाव्यात, कारण झिजलेले प्लास्टिक कुठे जाते ते पहिल्या पावसात गटाराच्या तोंडाशी कळते.